राखून ठेवलेली हूल

त्या दुष्काळात आमच्या पुंडलिकनगरातल्या गल्लीत टँकरचा नंबर तीन पत्तीवर ठरायचा. हसू नका. आधी रांग लावून पाहिली, तर घागरी चेपल्या आणि झिंज्या उपटल्या गेल्या. चिठ्ठ्या टाकल्या, तर चिठ्ठ्या उचलणारीवरच संशय. शेवटी भागूमावशींनी पत्त्यांचा कॅट आणला, सगळ्यांना सारखे चिंचोके वाटले आणि सांगितलं, टँकर येईपर्यंत खेळायचं, जिच्यापुढं चिंचोके जास्त तिचा पाइप पहिला. पहिलीची टाकी गच्च भरायची, शेवटच्या बाईच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा.

मी पहिल्यापासून आखडून खेळणारी. तीन पानं बघायची, जोडी नसली की पत्ते खाली टाकून पॅक म्हणायचं. हरायचे नाही, पण जिंकायचेही थोडकंच, कारण मी चाल लावली की सगळ्या पटापट पत्ते टाकायच्या. "सत्यशीला बसली म्हंजी हाय तिच्याकडं," असं भागूमावशी म्हणायच्या. त्या शब्दाचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

शेजारची पारूबाई माझ्या अगदी उलट. पानांकडं न बघताच ब्लाइंड खेळायची. "बघून काय पानं बदलत्यात व्हय?" म्हणायची आणि ओंजळभर चिंचोके मधे लोटायची. बहुतेक वेळा हरायची, पाठ टेकून हसायची, आणि संध्याकाळी कळशी घेऊन माझ्याच दारात यायची. मी द्यायचे. तिच्यासारखं सैल हातानं जगता यावं असं मला फार वाटायचं, आणि म्हणूनच ती मला आवडायची.

उन्हाळ्यात माझ्या लेकीला, सुकेशनीला, मुलगा झाला. त्याचं नामकरण आमच्या नव्या घरात करायचं ठरलं. कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन बांधलेल्या घरातलं पहिलं कार्य. कन्नडहून विहीणबाई आणि त्यांची सगळी भावकी येणार होती, आणि पाण्याचा ड्रम तर कोरडा. कार्याच्या आदल्या दिवशीचा टँकर मला पहिला हवाच होता.

तेव्हा पारूबाईबरोबर गहू निवडताना मी बोलून गेले. "मी एक हूल राखून ठेवली आहे. इतके दिवस कधी खोटी चाल लावली नाही. त्या दिवशी पानं कशीही येऊ देत, चाल लावून बसणार. सगळ्या उठतील."

पारूबाईनं माझ्या पाठीत थाप मारली. "लई पोचलेली हायेस गं तू! लाव बिनधास्त. म्या तर तशी बी हरतेच."

त्या दुपारी भागूमावशींच्या ओट्यावर डाव बसला. शेवटी शेवटी मला पानं आली दुरी, पंजी आणि नव्वी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. याहून भिकार पानं शोधून सापडली नसती. मी चेहरा नेहमीसारखा ठेवला आणि चाल लावली. एकेक बाई पत्ते टाकत गेली. मी चाल दुप्पट केली. भागूमावशी कुरकुरल्या, पण त्यांनीही टाकले. उरली पारूबाई, नेहमीप्रमाणे ब्लाइंड. आता ही पानं बघून हसत पत्ते टाकेल, म्हणून मी तिच्याकडं बघून थोडी हसलेसुद्धा.

पारूबाईनं पानं उचलली आणि पाहिली. मग माझ्याकडं न बघता चिंचोके मधे लोटले. "शो," ती म्हणाली, आणि दोघींची पानं उघडली.

तिच्याकडं तिर्री, सत्ती आणि दश्शी होती. माझी नव्वी, तिची दश्शी.

"दश्शीवर शो मागतंय व्हय कुणी?" भागूमावशी ओरडल्या. मग माझ्या पानांकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "आन् म्या हिच्या भरवशावर राजांची जोडी टाकली!"

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. सांडू ड्रायव्हरनं पाइप पारूबाईच्या दारात टाकला, आणि तिची मोटर बराच वेळ घरघरत राहिली. माझ्यापुढं एक चिंचोका उरला नव्हता. मला शेवटी गढूळ पाण्याच्या दोन कळशा मिळाल्या. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. त्या गोडच बोलल्या, "तुमच्याकडं पाण्याचं जमंना तर ऱ्हाऊ द्या, हिकडंच करू." नातवाचं नाव सम्यक ठेवलं, कन्नडला. मी तिथं पाहुण्यासारखी जाऊन आले.

परत आल्यावर कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पारूबाईच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब नुकताच घातला होता. त्याच्यासाठी विकतचा टँकर सांगितलाय, असं ती गल्लीभर सांगत होती, कारण नंबराचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही असा आमचा ठरावच होता. सिमेंट मुरावं म्हणून त्या स्लॅबवर मातीचे वाफे घालून पाणी साठवलं होतं. काठोकाठ. चिमण्या त्यात आंघोळ करत होत्या.

मी तशीच तिच्या दारात गेले. "माझ्या नातवाचं पाणी सिमेंटला पाजलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "टँकरवाल्यानं ऐनवेळी तोंड फिरवलं, शीला. स्लॅब तडकला असता. माझ्या पोराचा मजला हाय तो."

"मग मागायचं होतंस."

"दिलं असतंस तू?"

नसतं दिलं. "तोंडावर नाही म्हणाले असते," मी म्हणाले. "तुझ्यासारखं पाठीत थाप मारून नाही."

मी माझ्या घरी येऊन दार लावलं आणि भांडी आदळली. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मिळून मला हरवलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

पुढचा टँकर यायचा होता तेव्हा मला तीन राण्या आल्या. जन्मात पहिल्यांदा. मी चाल लावली, पण एकही बाई उठेना. "आता कळली तुझी चाल," म्हणत सगळ्या मजेत चिंचोके टाकत होत्या. भागूमावशींनी तर ओंजळच रिकामी केली.

पारूबाईची पाळी आली. तिची पानं पालथीच होती. तिनं पहिल्यांदा पानांकडं नव्हे, माझ्या तोंडाकडं पाहिलं. आणि पानं न बघता आयुष्यात कधी पॅक न झालेल्या त्या बाईनं पत्ते हळूच पुढं सरकवले.

"माझं पॅक," ती म्हणाली. "हिच्याकडं हाय."

डाव मी जिंकले, पाइप पहिला माझ्या दारात आला, टाकी काठोकाठ भरली. त्या ओट्यावर मला ओळखणारी अजूनही ती एकटीच होती, आणि त्याबद्दल मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही.