काळ्या स्क्रीनवरची स्थळं

पोरगी आपल्या डोळ्यांत धूळ फेकतेय, याबद्दल वामनरावांची आता खात्रीच पटली होती.

लोणारच्या वधू-वर मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाकडे मुलांचे सहाशे फॉर्म आलेले, आणि ते सगळे कॉम्प्युटरवर चढवले होते त्यांच्याच मुलीनं, वंदनानं. दर रविवारी ते म्हणायचे, "तुह्यासाठी पाह्य बरं एखादं स्थळ." वंदना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ लिहायची, बटण दाबायची आणि लगेच सांगायची, "बाबा, एकही नाही." सहाशे फॉर्म चाळायला माणसाला दोन दिवस लागतात, आणि हिला पापणी लवायच्या आत कळतं? अर्ध्या तालुक्याची लग्नं याच फायलींनी जमवली आणि अध्यक्षाची एकोणतीस वर्षांची मुलगी तेवढी राहिली? छे! कुणीतरी मनात भरलेला असणार. ती फोनवर हसली की वामनराव पेपर खाली ठेवून कान टवकारायचे. ती बीबी गावच्या शाळेत शिकवायची, तर तिथल्या मास्तरांचीही त्यांनी गुपचूप चौकशी केली. एक निवृत्तीला आलेला निघाला, दुसऱ्याला तीन मुलं. तरी संशय काही जाईना.

शेवटी ती शाळेत गेल्यावर त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं. गोविंदा मेहकरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा.

"ती काय लिहिते थे मले सांग," दार लोटत वामनराव म्हणाले. "अन् तिले बोलू नको काही."

गोविंदानं एक बटण दाबलं. वंदनानं रविवारी लिहिलेली ओळ जशीच्या तशी पुन्हा वर आली.

"यात लपवालपवी नाही मामा. कोणता फॉर्म पाहिजे, त्याच्या अटी लिहा लागतात. पोरगा पदवीधर, चौतीसच्या आतला, आपल्या जिल्ह्यातला. अन् आखरी एक हाय. तिच्यानंच सारे गळून राह्यले."

"काढ थे."

ती अट पुसल्याबरोबर त्रेसष्ट नावं भराभर उतरली.

"पाह्य! म्हनलं होतं ना मी!" वामनराव खुर्चीतून उठलेच. "कोन्ती अट होती?"

गोविंदा घुटमळला. "फॉर्मात सतरावा प्रश्न हाय. मुलीची आई किंवा वडील एकटे असतील तर सोबत ठेवाल काय? तिले 'हो' म्हननारा पाहिजे."

वामनराव खाली बसले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, सहा-सहा महिने फिरकत नव्हता. पोरीच्या मागे आपण हेरगिरी करत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. मग त्या लाजेचा राग झाला आणि तो त्रेसष्ट जणांवर निघाला.

"एकबी हो म्हनत नाही? कोनाचे पोट्टे हायेत हे? दाखव."

"राहू द्या ना मामा."

"काऊन? तूबी लपवून राह्यला काय?"

गोविंदानं स्क्रीनवरची यादी खाली सरकवली. लग्न जमलेल्यांचे फॉर्मही फायलीत तसेच पडून होते. एकविसावं नाव चंद्रशेखरचं, त्यांच्या मुलाचं. सतराव्या प्रश्नापुढे 'नाही' होतं आणि फॉर्म भरणारे म्हणून वामनरावांचं स्वतःचं नाव. तो प्रश्न वाचून आपण हसलो होतो, हेही त्यांना आठवलं.

चंद्रशेखरची सासू विधवा होती. डोणगावला ती एकटीच राहायची.