फुटाण्याची आरती

आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये फुटाण्याला मोठा मान होता. पोमेरियन जातीचं, कापसाच्या गोळ्यासारखं आमचं कुत्रं. संध्याकाळी मी निखाऱ्यावर गुग्गुळ टाकला की तो देवघरासमोर येऊन बसायचा आणि आरती सुरू झाली की मान ताणून घोगऱ्या आवाजात साथ द्यायचा. शेजारच्या बायजाबाई तर आधी त्याला हात जोडायच्या, मग देवाला.

"मागच्या जन्मीचा कीर्तनकार हाय हा, वं शामला," त्या म्हणायच्या. "नाहीतर तुमचे वामनराव! आरतीच्या वेळी मोबाइल घेऊन बसते."

धूप हा माझा नवस. यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी नवस बोलले होते: हे चालत घरी येऊ देत, चातुर्मासभर रोज देवासमोर धूप जाळीन. हे आले. मीही एक संध्याकाळ चुकवली नव्हती. कार्तिकी एकादशी आता महिन्यावर आली होती.

एका दुपारी खारीमागे धावता धावता फुटाणा तीच आरती म्हणू लागला आणि मटकन खाली बसला. जीभ निळसर. आम्ही त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टर रोशनीताईंकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, मग गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली. फुटाणा लगेच गायला.

"हीच ना तुमची आरती? काकू, हा खोकला आहे," त्या म्हणाल्या. "या लहान जातींत श्वासनलिका ढिली पडते, चपटी होते. गळ्यातला पट्टा काढून छातीचा लावा. वजन उतरवा. औषध रोज वेळेवर द्या. आणि घरात धूर अजिबात नको."

आणि मी इतके दिवस कौतुकानं टाळ वाजवत होते!

बिल पाहून हे म्हणाले, "अवं, माझ्या गुडघ्याचा एक्स-रे याच्याहून स्वस्तात झाला होता. मी केवढा, हा केवढा!" पण फुटाण्याला काखेतून खाली काही ठेवलं नाही.

घरी बायजाबाई वाटच पाहत होत्या. "नवस मोडू नको वं. नवऱ्याच्या जिवाचा हाय. कुत्र्याले मागच्या खोलीत कोंड."

"धूर घरभर जातो, बाई."

"मग दोघांतला एक निवड."

संध्याकाळी निखारे फुलले. न बोलावता फुटाणा आपल्या जागी येऊन बसला. शेपूट हलत होती, छातीत बारीक शिटी वाजत होती. गुग्गुळ माझ्या चिमटीतच राहिला. मी बाळकृष्णाला ताम्हणात घेतलं आणि गच्चीचा जिना धरला.

"अवं, देवाले कुठं घेऊन चालली?" हे ओरडले.

"वर. धूप देवासमोर जाळायचा आहे ना? मग देवच वर येईल. धुपाटणं तुम्ही आणा, तुमच्या डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंच आहे."

हे धुपाटणं घेऊन आले. मागून गुडघे धरत बायजाबाई. "देव जिने चढून राहिला अन् कुत्रं सोफ्यावर! कलियुग हाय," म्हणत, पण घंटा घेऊन.

धूर वाऱ्यावर उडून गेला. आरती झाली. "सुनंसुनं वाटते वं," बायजाबाई म्हणाल्या, तोच खालून एक खणखणीत भुंकणं आलं. त्यात खोकल्याचं नाव नव्हतं.

"सोडून गेलो म्हणून शिव्या देऊन राहिला," हे हसले.

बायजाबाईंनी जिन्याकडे हात जोडले. "येतो रे बाप्पा, पेढा घेऊन येतो!"

"पेढा नाही, बाई," मी हळूच म्हटलं. "काकडीची फोड."