क्षेमकुशल खाली घाला

थोरल्या लेकीला जुळं झालं त्याच वर्षी फिटरकाकांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. हॉस्पिटलची व्हॅन दारात येऊन तिला घेऊन जायची, ती पुढच्या महिन्यापासून बंद होणार होती. घरी गाडी नव्हती, आणि मशीनवरून उठल्यावर बसने परतण्याचं त्राण तिच्यात उरत नसे.

काका रुग्णसोबत मंडळाचे सचिव. निवृत्त माणूस रिकामा दिसतो, म्हणून पद गळ्यात पडलेलं. मंडळात नवं काही करायचं तर प्रस्ताव सगळ्या सदस्यांना ईमेलने जायचा. आठवड्यात निम्म्यांचा होकार आला नाही तर तो बारगळायचा.

काकांनी एका बोटाने टाइप करत ईमेल लिहिला. पन्नाशीत बायकोनेच त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून अक्षरं शिकवली होती. पत्राची सुरुवात क्षेमकुशलाने करायची हेही तिनेच शिकवलेलं. त्यामुळे आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली, मग मंडळाच्या जुन्या आठवणी, मग सेवाभावावर चार ओळी. अगदी तळाशी, 'काही रुग्णांना येण्याजाण्याची अडचण होऊ शकते, तरी सदस्यांनी विचार करावा.' स्वतःच्या घरासाठी मागायला त्यांची जीभ रेटत नसे, तिथे बोट काय रेटणार?

उत्तरं आली. बेकरीवाल्याने कळवलं, फार सुंदर लिहिलंत. शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुदत संपत आली.

तेव्हा बायकोने चष्मा मागितला आणि ईमेल वाचला.

"यात मी कुठंय?"

काका म्हणाले, सचिवानेच आपलं घोडं पुढे दामटणं बरं दिसत नाही.

"मला मागणी घालायला आलात तेव्हाही तासभर हवापाण्यावरच बोलत होतात. शेवटी मीच विचारलं, काय काम काढलंत म्हणून." ती हसली. मग हसू ओसरलं. "लोक वाईट नाहीत हो, त्यांना कळलंच नाहीये. काय हवंय, कुणाला हवंय, कधीपर्यंत कळवायचं, एवढंच लिहा. क्षेमकुशल खाली घाला."

काकांनी पुन्हा लिहिलं. 'हॉस्पिटलची व्हॅन एक तारखेपासून बंद होते आहे. प्रस्ताव असा, की गाडी असलेल्या सदस्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी आळीपाळीने रुग्णांना न्यावं-आणावं. पहिली रुग्ण माझी बायको आहे. गाडी मिळाली नाही तर तिचे उपचार थांबतील. प्रस्ताव मान्य आहे का आणि कोणता वार जमेल, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. आपण सगळे खुशाल असालच.'

काकांचा हात धजेना, म्हणून पाठवायचं बटण तिनेच दाबलं.

पहिलं उत्तर बेकरीवाल्याचं. "होकार. मंगळवार माझा. आधीच का नाही सांगितलंत, काका?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त होकार जमले.

पुढे ती मंगळवारी पावाच्या रिकाम्या ट्रेंशेजारी बसून जायची, शुक्रवारी शाळेतल्या बाईंच्या गाडीत वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी. जुळी चालायला लागलेली तिने पाहिली.

एका मंगळवारी बेकरीवाला दारात आला आणि गाडी बंद करून घरात गेला. त्या दिवशी काकांनी सदस्यांना ईमेल लिहिला. त्याची पहिली ओळ होती, 'माझी बायको आज, अकरा मार्चला, पहाटे वारली.'