पाच नंबरचं नाव

मॉरिस टिंडलला कोणी भित्रा म्हटलं असतं तर अख्खं स्कारब्रिग हसलं असतं. छप्पन्न वर्षांचा गडी, बारा वर्षं टाउन फुटबॉल क्लबचा मॅनेजर, आणि आठवड्याचे पाच दिवस शाळेची बस चालवणारा. पन्नास वांड पोरं भरलेली बस जो बर्फातून डोंगरावर चढवतो, तो कशाला कोणाला भिणार? पण माणसाचं धैर्य सगळीकडे सारखं जाड नसतं. कुठेतरी ते विरलेलं निघतंच. मॉरिसचं निघालं ते कार्ल रिगच्या बाबतीत.

कार्ल त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वय अडतीस, धंदा प्लंबरचा, आणि एकोणीस वर्षं टाउनचा पाच नंबर. म्हणजे बचावाच्या मधोमध रोवलेला खांब. चेंडू उंचावरून आला की कार्लचं डोकं तिथे हजर, मग मध्ये कोणाचं कोपर येवो नाहीतर गुडघा. नाक तीनदा मोडलं, दोनदा त्याने स्वतःच बसवलं. आणि या एकोणीस वर्षांत टाउन एकदाही कपमध्ये खेळलं नव्हतं. कप म्हणजे कप, आमच्याकडे त्याला दुसरं नाव लागत नाही. बडे क्लब त्यात जानेवारीत उतरतात आणि आमच्यासारखे ऑगस्टात, पात्रता फेरीच्याही आधीच्या फेरीत; पण कप तोच. त्यात घुसायचं तर मैदानावर दिवे हवेत, बसायला खुर्च्या हव्यात, असल्या छप्पन्न अटी. गेल्या हिवाळ्यात गावाने मिळून त्या एकदाच्या पुऱ्या केल्या. दिव्यांच्या खांबांचे खड्डे कार्लने सगळे रविवार मोडून खणले, आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "एकदा कपमध्ये उतरतो, मग बूट खुंटीला."

आणि मॉरिसने नेमक्या त्याच सामन्यात पोरं खेळवायची ठरवली.

ठरवलं ते अगदी बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो. क्लबच्या अठरा वर्षांखालच्या पोरांनी वसंतात जिल्ह्याची स्पर्धा मारली होती, आणि थोरल्यांच्या संघात तिघे गुडघ्याला पट्टे बांधून धावत होते. मॉरिसने सहा पोरं घेतली. गावात ओरड झाली. "बालवाडी उतरवतोय कपमध्ये!" असं म्हातारा वॉल्टर पबमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला. मॉरिसने त्याला भीक घातली नाही. समोर मॉसथ्वेटचा संघ होता, त्यांच्या आघाडीच्या नऊ नंबरला त्याने जुलैत पाहिलं होतं. एकोणीस वर्षांचा, काटकुळा आणि सुटला की सुटला. त्याच्यामागे धावताना कार्लचं काय होईल हे आंधळ्यालाही दिसलं असतं. टोबी ग्रीव मात्र त्याला गाठू शकत होता. सतरा वर्षांचा होता, मिसरूड फुटायचं होतं, पण पाय पक्के होते आणि डोकं थंड.

घोडं अडलं ते कार्लला सांगण्यापाशी. मंगळवारी मॉरिस त्याच्या घराजवळून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा बसचा हॉर्न वाजवून पुढे गेला. बुधवारी फोन लावला आणि हवामानावर बोलून ठेवला. शेवटी गुरुवारी सरावानंतर मैदानावर सगळ्यांसमोर त्याने यादी वाचली. डोळे कागदावरून वर काढले नाहीत. "पाच, टोबी ग्रीव." कोणीतरी खोकलं. यादी संपली तेव्हा कार्लने रोजच्यासारखे चेंडू जाळीत भरले, जाळी खोलीत नेऊन टाकली आणि व्हॅन घेऊन निघून गेला. टोबी बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

घरी लिनेटने बशी आपटली. "सतरा वर्षांच्या पोराच्या देखत? माझ्या भावाला तोंडावर सांगायला तुझी जीभ झडली होती का रे?"

"मी मॅनेजर आहे. यादी वाचणं माझं काम आहे."

"यादी शाळेत वाचतात. घरच्या माणसाला घरी जाऊन सांगतात. जा, आत्ता जा."

"उद्या जातो," मॉरिस म्हणाला, आणि गेला नाही.

शनिवारी दुपारी समुद्राकडून सणसणीत वारा सुटला होता आणि तरीही तीनशे माणसं आली होती. आमच्याकडे तीनशे म्हणजे जत्राच. मॉरिसने कचेरीच्या खोलीत चहाचा मग बाजूला ठेवून रेफरीला द्यायचा कागद भरला. एकपासून अकरापर्यंत खेळणारे, खाली राखीव. बारा वर्षं तो कागद तोच भरत आला होता. सही केली, एक प्रत रेफरीला, एक मॉसथ्वेटच्या मॅनेजरला दिली, आणि पोरांना शेवटचे दोन शब्द सांगायला गेला. कार्ल कोपऱ्यात राखीव खेळाडूंचा चौदा नंबर घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

तीनला दहा मिनिटं कमी असताना रेफरी दारात आली. ही बाई शेजारच्या गावात गणित शिकवायची आणि शिट्टीही गणिताच्या तासासारखीच वाजवायची.

"पाच नंबर, रिग?" तिने हाक मारली.

टोबी उभा राहिला. "मी ग्रीव, मॅडम."

"ग्रीव इथे चौदा आहे. राखीव. पाचला रिग लिहिलंय. कार्ल रिग." तिने कागद फिरवून मॉरिसपुढे धरला.

मॉरिसने वाकून वाचलं. त्याचंच अक्षर होतं. हाताने विचारलंसुद्धा नव्हतं; पाचचा आकडा आला, हाताने कार्ल रिग लिहून टाकलं, आणि चौदाला उरलेला ग्रीव. बारा वर्षांची सवय. खोलीत कोणी हसलं नाही. कार्लने तेवढी मान वर केली.

"लिहिताना चूक झाली हो. बदलून घ्या ना," मॉरिस म्हणाला.

"दुसरी प्रत समोरच्यांकडे आहे, आणि दिलेला कागद आता बदलता येत नाही. नियम आहे." बाईने पेन खिशात ठेवलं. "कागदावर आहेत ते अकरा उतरतील. आत्ताच्या सरावात कोणी दुखावला असेल तर त्याच्या जागी राखीवातला घेता येईल, पण मग दुखावलेला आज अजिबात खेळणार नाही. पाच मिनिटांत सांगा."

मॉरिसने कार्लला बाहेर बोलावलं. चहाच्या टपरीमागे दोघे उभे राहिले. मैदानावर कार्ल त्याला सगळ्यांसारखं मालक म्हणायचा, घरी दाजी. आता तो हाताची घडी घालून उभा होता.

"ऐक," मॉरिस म्हणाला. "तिला सांगू या की तुझी मांडी धरलीय."

"माझी मांडी ठणठणीत आहे."

"ते मला माहीत आहे रे."

"मग?"

"मग काय! टोबीला उतरवायचंय मला. तुला कळतंय सगळं."

कार्लचा चेहरा लाल झाला. "गुरुवारी तोंडाने काढलंत. आज हाताने घेतलंत. आणि आता म्हणताय मी लंगडत जाऊन त्या बाईशी खोटं बोलू. तुमची चूक, आणि लंगडायचं मी? मालक, एकोणीस वर्षांत मी रेफरीला नाही नाही ते बोललोय. पण दुखलं नसताना दुखलं म्हणालो नाही. मी नाही सांगणार. तुम्हाला सांगायचंय तर जा, सांगा."

मॉरिस जाऊ शकत होता. मॅनेजर तो होता, त्याचा शब्द बाईने घेतला असता. पण गुरुवारी केलं त्याची आधीच लाज वाटत होती, आणि हे त्याहून खालचं होतं. तो आत गेला, टोबीसमोर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बाळा, कागद मी चुकीचा भरला. चूक माझी, तुझी नाही. तू बाकावर बसतोयस." टोबीने पाच नंबरचा सदरा डोक्यावरून काढला. ते एवढं अवघड नव्हतं, याचं मॉरिसला नवल वाटलं.

पहिली पंचवीस मिनिटं कार्ल राजासारखा खेळला, खोटं कशाला बोला. वाऱ्यावर आलेला प्रत्येक चेंडू त्याने डोक्याने परत पाठवला. तोंडाचा पट्टा चालू होता: "डावीकडे! मागे बघ, गाढवा! शाब्बास!" त्याच्या ओरडण्याने आजूबाजूची पोरं दोन इंच उंच झाल्यासारखी खेळत होती. वॉल्टरनेही दोनदा टाळ्या वाजवल्या. मॉरिसच्या मनात आलं की हाताला डोक्यापेक्षा जास्त कळत असावं.

मग नऊ नंबरला उमज पडली. त्याने उंच चेंडूंचा नाद सोडला आणि पायात मागायला लागला. एकदा वळला, कार्लने सदरा धरून पाडला. पिवळं कार्ड मिळालं. दुसऱ्यांदा वळला तेव्हा धरायला सदराही हाताला लागला नाही. कार्ल त्याच्यामागे पळत होता, तोंड उघडं, हात वल्ह्यासारखे, आणि अंतर वाढतच होतं. गोल झाला. सगळ्या मैदानाने पाहिलं. कार्ल गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

"काढ त्याला, मॉरिस!" वॉल्टर ओरडला. "पोराला आण! बालवाडी बरी!"

हाच वॉल्टर. मॉरिसने मागे वळून त्याला अशी शिवी हासडली की पुढच्या रांगेतल्या बाईने नातवाचे कान झाकले.

मध्यंतराला ०-१ होतं. संघ आत आला. पोरं पाणी प्यायला लागली, आणि सगळ्यांच्या नजरा मॉरिसकडे. बोलणं सोपं होतं: फळ्याकडे तोंड करायचं, 'एक बदल' म्हणायचं, नाव घ्यायचं. त्याने खडू उचलला आणि परत ठेवला. "कार्ल, जरा ये," म्हणाला, आणि त्याला बाहेरच्या बोळात नेलं. मळक्या सदऱ्यांच्या टोपलीपाशी दोघे उभे राहिले. कार्लला धाप लागलेली होती.

"तुला काढतोय," मॉरिस म्हणाला. नजर त्याने हलू दिली नाही. "टोबीला आणतोय. तो नऊ नंबर तुला झेपत नाही. अजून एक गोल होईल आणि त्याचं खापर तुझ्यावर फुटेल. मला ते बघवणार नाही."

कार्लने बाहीने तोंड पुसलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढं बोलायला चार दिवस लपून बसलात? हॉर्न वाजवून पळत होतात?"

"हो."

"मला ठाऊक होतं हो मी पुरत नाही. आरशात बघतो मी पण." तो आत गेला आणि थेट टोबीपाशी बसला. "कार्ट्या, ऐक. तो उजवीकडे झुकतो, पण जातो डावीकडे. पायांकडे बघायचंच नाही, पाय लबाड असतात. कमरेकडे बघ. आणि अंगाला अंग लावून राहा, त्याला आवडत नाही ते."

टोबी कमरेकडे बघत राहिला. पाऊण तासात नऊ नंबरला वळायला एकदाच मिळालं, आणि तेव्हाही चेंडू टोबीच्या नडगीवर आपटून बाहेर गेला. सत्तराव्या मिनिटाला आमच्या डावीकडच्या पोराने बरोबरी केली. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर झालेल्या गर्दीत चेंडू कोणाच्या तरी ढुंगणाला लागून आत गेला. कोणाच्या, यावर गावात अजून भांडणं आहेत. २-१. कपमधला टाउनचा पहिला विजय. तीनशे माणसं मैदानात घुसली आणि वॉल्टर टोबीचे मुके घेत सुटला.

मॉरिसला तिथून सुटायला अर्धा तास लागला. खोली रिकामी झाली होती. कोपऱ्यात कार्ल एक बूट काढून, एक पायातच ठेवून बसला होता आणि रडत होता. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, खांदे हलवत.

मॉरिस शेजारी बसला. "जिंकलो रे आपण."

"त्यासाठी नाही." कार्लने नाक ओढलं. "त्या बाईने माझं नाव वाचलं ना... मला वाटलं, दाजींनी रात्री विचार बदलला. कपमध्ये कार्ल पाहिजेच, असं वाटलं असेल त्यांना. दोन मिनिटं, दाजी. दोनच मिनिटं मी काय खूश होतो म्हणून सांगू! मग तुम्ही मला टपरीमागे नेलंत."

मॉरिसपाशी खरं तेवढंच उरलं होतं, म्हणून ते बोलला. "विचार नव्हता बदलला. पण पाच नंबरला दुसऱ्याचं नाव लिहायला हात धजला नाही माझा. तिथे तूच हवायस मला, कायम. खेळायला आता पुरत नाहीस, पण हवायस. कळलं का, गाढवा?"

कार्ल आणखीच रडला. मॉरिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्याही डोळ्यांत पाणी आलंय हे त्याच्या लक्षात आलं.

"लिनेटला सांगू नका मी रडलो," कार्ल म्हणाला.

"नाही सांगत."

"माझ्यासाठी नाही म्हणत. तिला कळलं तर ती तुम्हाला घरात घेणार नाही."