स्लॅबच्या घराची दोन मते

वैशाखरे गावाजवळच्या पाड्यावर बारकूने कुडाच्या जागी विटांचे घर बांधले, लेकीच्या कमाईतून त्यावर स्लॅब घातला, आणि त्याच दिवशी त्याच्या मनात ते घर जाण्याच्या भयाने बिऱ्हाड थाटले.

निवडणूक आली तसा एका पक्षाचा कार्यकर्ता लडकू प्रचाराला दारोदार फिरू लागला. ‘‘बारकूदादा, देवरामचा पक्ष आला ना, की गाव शहराच्या हद्दीत घालनार. मग घरपट्टी शहराची! नाय भरली तर दाराला सील.’’

विरुद्ध पक्षाचा गावातला पुढारी देवराम, त्याच्या कानी हे गेले. त्याने घरोघरचे कर्ते पुरुष गावदेवीच्या देवळात जमविले. ‘‘पट्टी लडकूचेच लोक वाढवनार. आमी नाय. ठेवा नारळावर हात, मत आमालाच देनार म्हनून.’’ बारकूने हात ठेवला. देवीसमोर दिलेला शब्द मोडणाऱ्याचे कूळ टिकत नाही, ही त्याची आजन्म श्रद्धा.

मतदानाच्या आदल्या दिवशी शहराच्या कडेला राहणारा पुतण्या किशोर आला. ‘‘काका, आमाला पन देवरामच्या पक्षानं असाच शब्द दिलेला. वस्ती शहरात गेली नि पट्टी पाचपट झाली.’’

बारकू पेचात पडला. शब्द पाळावा तर घर जाईल. घर राखावे तर देवी कोपेल.

सकाळी मतदानाला निघताना त्याने बायकोला विचारले, ‘‘हौसा, काय करायचा गो?’’

‘‘शब्द तुमी दिला, तुमी पाळा. मला कोनी बोलावला होता का देवळात?’’

‘‘म्हंजे तू...’’

‘‘बाईचा मत मशीन मोजत नाय वाटतं?’’ असे म्हणून ती बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

बारकूने देवरामच्या पक्षाचे बटण दाबले. बाहेर रस्त्याच्या वळणावर देवराम यादी घेऊन बसला होता. त्याने बारकूचा चेहरा निरखला.

‘‘बारकू, वैनीचा मत आपलाच ना?’’

खरे बोलावे तर हौसा उघडी पडेल. खोटे बोलावे तर तोंडच विटाळेल.

‘‘आपलाच,’’ तो कसाबसा म्हणाला.

हौसा हसत बाहेर आली, काही सांगण्यासाठी तिने तोंडही उघडले. बारकूने घाईने तिचा दंड धरला.

‘‘बोलू नको,’’ तो पुटपुटला. ‘‘मला नाय समजला, तवर मी खोटा नाय बोललो.’’

आणि देवरामकडे पाठ करून, बांधाबांधाने, तो तिला घरी घेऊन गेला.