जुईची दुपार

मयुरी रडली नाही, तिथूनच कुंदाबाईंना संशय यायला लागला.

निकाल सकाळी लागला. मयुरी पुढच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती आणि कुंदाबाई मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होत्या. सून मागे आली, उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, नाही झालं. दुसरा ग्रुप राहिला पुन्हा." मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, चहा आहे का?

मागच्या खेपेला हीच पोरगी उशीत तोंड खुपसून दिवसभर पडून होती. त्याच्या आधीच्या खेपेला तर भुसावळहून तिच्या आईला बोलवून घ्यावं लागलं होतं. आणि आज चहा. सीएची शेवटची परीक्षा तिसऱ्यांदा हुकलेली बाई चहात बिस्कीट बुडवते, ते तुटून पडायच्या आत नेमकं उचलते, हे काही कुंदाबाईंना ठीक दिसेना. केळीचा व्यापारी भाव पाडायचं ठरवूनच बांधावर येतो, तेव्हा तोही असाच निवांत चहा पितो. त्या चहाची कुंदाबाईंना चांगली ओळख होती.

मयुरीची जुई रांगत होती तेव्हापासून आजीकडे होती. मुलगा हितेंद्र धुळ्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला, मयुरी जळगावला खोली घेऊन अभ्यासाला, आणि पोरगी इथे, यावल तालुक्यातल्या या केळीच्या गावात. "पाठव तिले माह्याकडी, तू बिनघोर अभ्यास कर," असं कुंदाबाईच तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि मनापासून म्हणाल्या होत्या. गावात त्यांचं नाव झालं. भजनाला बसलेल्या बायका आपापल्या सासवांना टोमणे मारायच्या ते कुंदाबाईंचं नाव घेऊन. ते कौतुक कुंदाबाईंना आवडायचं, खोटं कशाला बोला.

पण मधल्या काळात काहीतरी उलटं होऊन बसलं होतं. जुई त्यांच्या कुशीत झोपायची. झोपेत तिचा एक हात त्यांच्या गळ्यातल्या पोतीत अडकलेला असायचा. हितेंद्र-मयुरी 'आई' म्हणतात म्हणून तीही कुंदाबाईंना आईच म्हणायची, आणि दर रविवारी येणाऱ्या, खाऊ आणणाऱ्या त्या दुसऱ्या बाईला, सगळे मयुरी म्हणतात म्हणून, बोबडं 'मयुली'. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. मयुरीही हसली होती.

परीक्षेच्या आधी कुंदाबाई शेजारच्या ताईबाईला घेऊन मनुदेवीला जाऊन आल्या. सुनेसाठी नवस बोलायला म्हणून गावाला सांगून गेल्या. देवीपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि तोंडातून शब्दच फुटेना. ताईबाई मागून हळूच म्हणाली, बोल ना व, लोकं खोळंबली. कुंदाबाईंनी नुसतीच मान हलवली आणि बाजूला झाल्या. देवीनं त्या मान हलवण्याचा काय अर्थ लावला असेल, याचा विचार त्यांनी तेव्हापासून टाळला होता. आज तो आपणहून पुढे येऊन उभा राहत होता.

चहा झाल्यावर मयुरीनं जुईला मांडीवर ओढलं आणि चौकशा सुरू केल्या. ही दूध पेल्यातून पिते की अजून वाटी-चमचा लागतो? शू लागली की सांगते? भातावर काय घालून देता? कुत्र्याला भिते का? रविवारची मयुरी असलं काही विचारत नसे. ती फुगे फुगवायची, फोटो काढायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. आज ती एकेक गोष्ट विचारून घेत होती आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघत होती.

"वाटी-चमचाच लागते," कुंदाबाई म्हणाल्या. "पेल्यातून ठसका लागते तिले."

जुई कधीपासून पेल्यातून दूध प्यायची आणि वर मिशी पुसायची. कुंदाबाई बोलून गेल्या आणि स्वतःच चपापल्या. पण शब्द मागे घेतला नाही.

थोड्या वेळानं मयुरी फोन घेऊन गच्चीत गेली. कुंदाबाईंनी वाळत घातलेल्या गोधड्या उलटवायचं काम नेमकं तेव्हाच काढलं. हितेंद्रशी बोलणं चाललं होतं. घरमालक, पाण्याची वेळ, शेजारी कोण आहेत, असलं काहीबाही कानावर आलं. सासूला पाहून मयुरीनं आवाज खाली नेला नाही की फोन ठेवला नाही, फक्त पाठ फिरवली. कुंदाबाई कोरड्या ठाक गोधड्या उलटवून खाली आल्या.

खाली ताईबाई येऊन बसलीच होती. तिला निकाल कुठून कळला, ते देवच जाणे.

"जाऊ दे व," ती म्हणाली. "आता तरी सून घरी बशीन. लई झालं शिकनं."

"घरी काऊन बशीन? पुन्हा देईन ती परीक्षा."

"अन् पोरीले तू सांभाळशीन?"

"मंग कोन सांभाळीन?"

"तुले मानलं बाई," ताईबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत कौतुक होतं की दुसरं काही, हे कुंदाबाईंना ओळखता येईना. आज कोणाच्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता.

जेवायला बसल्यावर त्यांनी विषय काढला. कुंदाबाईंचे मालक शालिग्रामनाना केळीच्या बागेतून आले होते. लाकडी बडगीत ठेचलेलं भरत, पुऱ्या, कांद्याची पात, सगळं ताटात होतं. कुंदाबाईंनी सुनेच्या ताटात आग्रहानं भरत वाढलं आणि समजावणीच्या सुरात सांगत गेल्या. हिंमत सोडायची नाही. जानेवारीत परीक्षा आहे, तिला बसायचं. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या खेपेला. लोक पाच-पाच खेपा देतात. खोलीचं भाडं जातंय तर जाऊ दे. आणि जुईची तर काडीची काळजी करायची नाही.

नाना खूश झाले. "अशी सासू भेटत नही," असं जेवता जेवता म्हणाले.

मयुरीचा घास हातातच राहिला. तिनं सासूकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. कुंदाबाईंनी पुऱ्यांच्या डब्याचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावलं.

"आई, खरं सांगा," मयुरी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी पास व्हावं असं वाटतं तुम्हाला, की नुसतं परीक्षेला बसत राहावं असं वाटतं?"

नानांनी मान वर केली. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग बायकोचा चेहरा दिसला आणि बहुधा कळला, कारण ते पुन्हा ताटात बघायला लागले.

"हे बोलनं झालं का?" कुंदाबाई म्हणाल्या. "तुह्यासाठी हाडाची काडं केली म्या."

"केलीत. म्हणूनच विचारते."

मग मयुरीनं जे सांगायचं होतं ते सरळ सांगून टाकलं. धुळ्याला एका सीएंच्या ऑफिसात काम मिळतंय, जीएसटीचं. हितेंद्रनं तिथेच देवपुरात, तिसऱ्या मजल्यावर घर पाहिलंय, शनिवारी जुईला घेऊन जायचं आहे. परीक्षा पुन्हा देईन की नाही, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. कदाचित देणारही नाही, असं ती म्हणाली, आणि हातातला घास तिनं ताटात परत ठेवला. टॅक्सचा पेपर चालू होता, शेवटचा प्रश्न बाकी होता, वेळही होता. आणि मध्येच तिला प्रश्न पडला की जुईचा पहिला दात वर आला की खाली. काही केल्या आठवेना. मग लक्षात आलं की आठवणार कुठून, ती तेव्हा इथे नव्हतीच. उरलेला सगळा वेळ ती त्या दातापाशीच बसून राहिली.

"नापास व्हायची भीती नाही राहिली आता," ती म्हणाली. "जुई मला मयुली म्हणते, त्याची वाटते."

जुई आजीच्या मांडीला टेकून पुरीचा पापुद्रा सोलत होती.

खाली, कुंदाबाईंच्या मनात आलं. खाली आला होता पहिला दात. त्याच दातानं ती त्यांच्या बोटाला चावली होती. पण ते त्यांनी सांगितलं नाही.

जेवणं आटोपली. नाना आडवे न होताच बागेकडे गेले. जुईच्या झोपेची वेळ झाली तशी ती सवयीनं कुंदाबाईंच्या पदराला येऊन लोंबकळली. मयुरीनं तिला उचललं. "आज मी झोपवते," ती म्हणाली आणि दारातून वळून विचारलं, "कशी झोपते?"

"पाठ थोपटली का झोपते," कुंदाबाई म्हणाल्या.

त्या ओट्यावर येऊन बसल्या. आतून आधी थोपटण्याचा आवाज येत राहिला, मग कुरकुर, मग भोकाड. पाठ थोपटलेली जुईला मुळीच खपत नसे. "आई पाहिजे, आई पाहिजे," असा एकच धोशा तिनं लावला. मयुरी आतून म्हणत होती, "मीच आहे गं आई, मीच आहे." आणि पोरगी अजूनच किंचाळत होती.

कुंदाबाईंनी मनात म्हटलं, आता आणेल ती पोरीला बाहेर. आता हात टेकेल. धुळ्याला तिसऱ्या मजल्यावर ही पोरगी अशी रडली तर शेजारीपाजारी काय म्हणतील, हे कळू दे तिला. त्या वाट बघत बसल्या. पण मयुरी काही पोरीला बाहेर आणीना. तिचं 'मीच आहे गं' चालूच होतं, आणि हळूहळू त्या आवाजातही पाणी उतरायला लागलं. सकाळपासून जे रडणं कुंदाबाई शोधत होत्या, ते हे होतं. ऐकल्यावर मात्र त्यांना त्यात काही संशय घेण्यासारखं सापडेना.

भिंतीपलीकडून ताईबाईनं डोकं वर काढलं. "पोरगी काऊन रडू राह्यली व इतकी? जाय ना तू."

"तिची माय हाये तिच्यापाशी," कुंदाबाई म्हणाल्या.

ताईबाईचं डोकं खाली गेलं. कुंदाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या. दार लोटलेलं होतं. त्यांनी ते उघडलं नाही. चौकटीशी उभ्या राहून म्हणाल्या, "मयुरी, पाठ नको थोपटू. तिले खपत नही ते. तळपाय चोळ. आंगठ्यानं, सावकाश. अन् बोलू नको, नुसतं हुं हुं कर."

आत क्षणभर सगळं थांबलं. मग रडणं पुन्हा सुरू झालं, पण त्यात मघाचा जोर नव्हता. मग हुंदके. मग एक लांब, तुटक श्वास. तो कुंदाबाईंच्या रोजच्या ओळखीचा होता. त्याच्यापुढे झोपच असते.

"अन् दूध पेल्यातून पिते ती," त्या अगदी हळू म्हणाल्या. आत ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

घरात काहीच आवाज उरला नाही. कुंदाबाईंनी दोन्ही हातांतल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारल्या, आणि भिंतीच्या कडेकडेनं, पाय न वाजवता, त्या मागच्या अंगणात निघून गेल्या.