एक इंच कमी

मी खिळ्यावरून बोलतोय. खिडकीजवळ शिलाई मशीन आहे, त्याच्या वरच्या खिळ्याला लटकलेला पिवळा टेप म्हणजे मी. कपड्यांची मापं घेणारा. गाठीला फार शिक्षण नाही, फक्त आकडे येतात, पण ते चोख येतात. निदान त्या रविवारपर्यंत माझा तसा समज होता.

माझी मालकीण घरात आधी आई होती, मग आजी झाली, आणि गल्लीत सगळ्यांसाठी ‘शिवणाच्या बाई’. नवरा लवकर गेला, पोर लहान, म्हणून तिने या खिडकीत मशीन मांडलं आणि चाळीसेक वर्षं लोकांचे खांदे, कंबरा आणि पोटं मोजली. कुणी पोट आत ओढून उभं राहिलं की म्हणायची, "सोडा तो श्वास. कपडे घालून जेवायचंय ना?" दिवसभर मी तिच्या गळ्यात. भाजी चिरताना, दार उघडताना, पोरीचा अभ्यास घेतानासुद्धा. एकदा तर मला आमटीत बुडवून काढलंय तिने, आणि वर मलाच बोलली.

माझ्या अंगात एक खोट आहे, ती आधीच सांगतो. मी साठ इंचांचा जन्मलो आणि एकोणसाठचा राहिलो. पोर तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मालकीण दारात गिऱ्हाइकाशी बोलत होती, तेवढ्यात या बयेने मोठी कात्री उचलली आणि माझा पहिला इंच, पितळी टोकासकट, कच्चकन उडवला. दुसरी कुणी असती तर नवा टेप आणला असता. हिने माझ्या टोकाला काळी पट्टी शिवली आणि मला पुन्हा गळ्यात घातलं.

तेव्हापासून माप घेताना ती मनातल्या मनात एक वजा करायची आणि कापताना एक वाढवायची. तिचे ओठ हलायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईंना पुटपुटायची सवय आहे. पुढे तिच्या अंगठ्याखाली माझे सुरुवातीचे आकडेही पुसून गेले, मग तर माझी खोट दिसायचीही बंद झाली. मला हात लावायची घरात दुसऱ्या कुणाला मुभा नव्हती, त्यामुळे कुणाला सांगायची वेळ आली नाही. रोजची गोष्ट सांगायची राहून जाते माणसांची.

पोर मोठी झाली. तिचं लग्न झालं, तिलाही मुलगी झाली, आणि पुढे मायलेकी दोघी इथेच राहायला आल्या. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे थेंबाची चूक चालत नाही, त्यामुळे तिला घरीही चालेनाशी झाली. शेवटच्या वर्षी मालकिणीचे हात थरथरायला लागले. एकदा कात्री बोटात गेली. लेकीने त्याच दिवशी कात्री कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

"आई, आता पुरे. नजर गेलीय तुझी."

"बरं," मालकीण म्हणाली.

बस्स, एवढंच. दुपारभर ती मला गळ्यात घालून नुसती बसून राहिली. माझा फार जीव तुटला. लेक वाईट नव्हती, घाबरली होती. नातीने मात्र आईशी चार दिवस अबोला धरला.

एक काम तेवढं मालकिणीने सोडलं नव्हतं. पेटीत आठ वर्षं जपलेलं राखाडी लोकरी कापड होतं, एका कोटापुरतं. ते बनवणारी गिरणीही बंद पडली होती. नातीला थंड प्रदेशात नोकरी लागली, तसं तिने नातीला खिडकीत उभं केलं, माझ्याकडून माप घेतलं आणि घरच्या मापांच्या जाड वहीत लिहून ठेवलं.

"राहू दे ना, आई, चुकशील," लेक म्हणाली.

"इतकी वर्षं चुकले नाही, आता काय मरताना चुकू?"

आठवड्याच्या आत ती गेली.

आता तो रविवार. नात बुधवारी निघणार होती. लेकीने कुलूप उघडून कात्री काढली, मला खिळ्यावरून उतरवलं आणि वहीतल्या मापाने आधी अस्तर कापायला घेतलं. माझी काळी पट्टी कापडाच्या कडेला टेकवली आणि सरळ आकड्यावर खडूने खूण केली. एक न वाढवता. मला ओरडावंसं वाटलं. पण टेपला कुठलं आलंय तोंड?

पाठीचे दोन, पुढचे दोन, असे चार तुकडे. कच्चे टाके घालून नातीच्या अंगावर चढवले, तर पुढून मिटेनात. चार इंच कमी.

लेकीने मला नातीच्या छातीभोवती गुंडाळलं. "पस्तीस," ती म्हणाली आणि वहीत पाहिलं. "आईने चौतीस लिहिलंय."

"म्हणजे आजी चुकली?"

"मग मी काय सांगत होते? कात्री काढून घेतली तेव्हा मीच वाईट ठरले. तू तर बोलायचीच बंद झालीस. आता बघ."

तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. इतके महिने ते ‘बरं’ तिला टोचत होतं, आणि आता पुरावा हाती आला होता. तो पुरावा मी. जिने मला जन्मभर गळ्यात मिरवलं, तिच्याविरुद्ध मी खोटी साक्ष दिली होती.

नात वहीकडे बघत राहिली. "माप एका इंचाने चुकलं, तर चार इंच कमी कसे पडले?"

"शिलाईत गेले असतील. डोकं नको खाऊस. उजेड आहे तोवर कोट कापू दे."

तिने लोकरी कापड टेबलावर पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या. काळी पट्टी पुन्हा कडेला. पुन्हा सरळ आकड्यावर खडू. पुन्हा एक इंच कमी. ही एक चूक झाली की कोट गेला, आणि म्हातारी चुकली होती हे या घरात कायमचं पक्कं झालं.

नात रुसून वही चाळत बसली होती. शेवटाकडून मागे मागे. "आई, दर वाढदिवसाला तुझं माप लिहिलंय. दहाव्या वर्षी कंबर तेवीस."

"ठेव ती वही."

कात्री उघडली. पातं कापडाच्या कडेत शिरलं, जरासं, बोटाच्या पेराएवढं.

"आई, थांब."

"आता काय?"

"आधी कात्री खाली ठेव."

वहीच्या पहिल्या पानावर माझा इंच चिकटवलेला होता. पितळी टोक काळं पडलेलं. इतक्या वर्षांनी मी त्याला पाहिलं. खाली मालकिणीचं अक्षर: ‘आज बयेने पहिली कात्री चालवली. टेप एक इंच कमी. माप घेताना एक वजा, कापताना एक जास्त. आधी धपाटा घातला, मग हसू आवरेना.’

लेकीने मला उचलून काळी पट्टी त्या तुकड्याला भिडवली. बरोबर बसली.

"पस्तीस वजा एक," नात हळूच म्हणाली. "आणि चार तुकड्यांत एकेक इंच कमी."

लेक खुर्चीत बसली. मग म्हणाली, "ती चुकली नव्हती."

"हात तर थरथरत होते ना, आई."

"हात थरथरत होते. पण ती चुकत नव्हती. नजर गेलीय म्हणाले मी तिला. आणि ती ‘बरं’ म्हणाली."

ती रडली. रडतानाही मान बाजूला वळवून रडली, कापडावर डाग पडू नये म्हणून. शेवटी शिवणाऱ्या बाईचीच लेक.

कात्रीची ती खोच शिलाईत दडणार होती. लेकीने डोळे पुसले, जुन्या खुणा झटकल्या आणि नव्या केल्या. प्रत्येक खुणेला तिचे ओठ हलत होते. अस्तरही तिने नव्या कापडाचं कापलं. बुधवारी नात कोट घालून निघाली. पुढून नीट मिटला, आणि पोटभर जेवता येईल इतका सैलही होता.

आता सुट्टीच्या दिवशी मी लेकीच्या गळ्यात असतो. परवा शेजारीण माप द्यायला आली होती. "सारखं काय पुटपुटतेस गं?" तिने विचारलं.

"माझी एक जुनी चूक आहे," लेक म्हणाली. "आईने ती जन्मभर सांभाळून घेतली. आता मी घेते."

माझं मागणं फार नाही. तो इंच तिथेच राहू दे, पहिल्या पानावर. मला कुणी जोडू नका.